आत्यांचा अंगठा आणि मोठी मशीन

आधीच सांगते, माझं तोंड फटकळ आहे. आमच्या ईट गावात स्टँडच्या बाजूला माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. झेरॉक्स, पीक विमा, आधार, दाखले, म्हणजे सरकारला माणसाकडून जे हवं असतं आणि माणसाला सरकारकडून जे हवं असतं, ते सगळं माझ्या एका टेबलावरून जातं. या धंद्यात गोड बोलणारी बाई टिकत नाही. लोक तिला ताई-ताई म्हणतात आणि फुकट प्रिंटा काढून नेतात.

तर माझं मनगट गेलं. इतकी वर्षं माऊस धरून धरून उजवा हात असा आखडला की सकाळी पीठ मळताना डोळ्यांत पाणी यायचं. इथल्या जवळच्या वाशीच्या डॉक्टरांनी मनगट दाबून बघितलं, काम काय करता विचारलं, आणि म्हणाले, ‘माऊस सोडा.’ जणू काही मी तंबाखूच खात होते. म्हटलं, डॉक्टर, माऊस सोडला तर दुकान सोडावं लागेल. ते म्हणाले, ‘मग दुसरं काहीतरी बघा.’ एवढं सांगून त्यांनी मलम लिहून दिलं.

माझे धाकटे दीर पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहेत. त्यांना कळल्यावर त्यांनी स्वतःचा जुना ट्रॅकपॅड पाठवून दिला. शाळेतल्या पाटीच्या अर्ध्या आकाराची चंदेरी वस्तू. सपाट, गुळगुळीत, वर एक बटण नाही की एक अक्षर नाही. वायर कंप्युटरला जोडायची आणि नुसती बोटं फिरवायची. भावजींनी व्हिडिओ कॉल करून शिकवायला घेतलं. ‘वहिनी, एका बोटानं बाण हलतो. दोन बोटं वरखाली नेली की पान सरकतं. दोन बोटं एकमेकांपासून लांब नेली की चित्र मोठं होतं, जवळ आणली की लहान होतं. तीन बोटं वर नेली की उघडलेलं सगळं एकदम दिसतं. चार बोटांनी...’

‘भावजी,’ मी म्हटलं, ‘पाचव्या बोटानं स्वयंपाक होतो का?’

पण खोटं कशाला बोलू, चार-आठ दिवसांत हात हलका झाला. मनगट टेबलावर टेकवून नुसती बोटं फिरवायची, धरायचं काहीच नाही. मला वाटलं, आता दुकान वाचलं. तेवढ्यात घरच्यांचं प्रेम सुरू झालं. आमचे हे शेतात असतात, दुकानात फक्त सल्ला द्यायला येतात. धूळ बसेल म्हणून त्यांनी ट्रॅकपॅडला प्लास्टिकची पिशवी घातली, टीव्हीच्या रिमोटला घालतात तशी. बोट सरकेना. ती मी फाडली. मग खंडेनवमी आली. घरातलं खुरपं, विळा, शिलाई मशीन, मोटारसायकल यांची पूजा झाल्यावर माझ्या सासूबाई ताट घेऊन दुकानात आल्या आणि मी प्रिंटरमध्ये कागद घालेपर्यंत त्यांनी ट्रॅकपॅडला हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली, वर झेंडू ठेवला, पाणी शिंपडलं. ओल्या कुंकवाला ते यंत्र बोटंच समजलं. बाण पडद्यावर वारं प्यायलेल्या वासरासारखा उधळला, पानं उघडली, मिटली, आणि एका बाईचा अर्धा भरलेला अर्ज कुठं गेला तो गेलाच. ती बाई मला म्हणाली, ‘ताई, देव अंगात आला वाटतं मशीनच्या.’ मी काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

नोव्हेंबर उजाडला की माझ्या दुकानासमोर म्हातारी माणसं येऊन बसतात. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असं सरकारला कळवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. मेलेल्या माणसाला तो लागत नाही, एवढी एक सवलत आहे. कळवायचं ते तोंडानं नाही, अंगठ्यानं. काडेपेटीपेक्षा जरा मोठी अशी अंगठ्याची मशीन असते, तिच्यात लाल उजेड लागतो, त्यावर अंगठा टेकायचा. पटला तर माणूस जिवंत. आणि हे अंगठे कुणाचे? जन्मभर खुरपं धरलेल्यांचे, उसाला कोयता लावलेल्यांचे. रेषा कधीच्या झिजून गेल्यात. मग लोकांच्या एकेक तऱ्हा. कुणी अंगठा डोक्याच्या केसांवर घासतं, जरा तेल लागावं म्हणून. कुणी फुंकर मारतं. कुणी धोतराला पुसतं. एक आजी आधी स्वतःच्या अंगठ्याच्या पाया पडतात.

त्यात एक निवृत्त चौकीदार आले. त्यांचा अंगठा काही केल्या पटेना. मी ओलं फडकं आणायला मागं गेले, तोवर ते कंटाळून ट्रॅकपॅडवर हात टेकून बसले. मी आले, अंगठा पुसला, लहान मशीनवर ठेवला, आणि पटला. काम केलं ते माझ्या फडक्यानं. पण चौकीदारांनी बाहेर जाऊन सांगितलं, ‘बारक्या मशीनीत दम न्हाय. मोठीवर हात ठिवला तवा कुठं झालं.’

झालं. दुसऱ्या दिवसापासून जो येईल तो आधी ट्रॅकपॅडवर अंगठा दाबायचा आणि मग मी सांगेन ते करायचा. माझा बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, चालू काम बंद, बंद काम चालू. शेजारच्या गावांतून, ज्यांचे अंगठे कुठंच पटत नव्हते अशी माणसं मोठ्या मशीनसाठी येऊ लागली. मी ओरडून सांगितलं की ही मशीन नाही, हे माऊसच्या जागी असतं. ते मान डोलवायचे आणि अंगठा दाबायचे. मी कागद चिकटवला, ‘या चंदेरी पाटीला हात लावू नये.’ ज्यांना वाचता येत नव्हतं ते आधीपासूनच लावत होते. ज्यांना वाचता येत होतं ते, का लावू नये म्हणून, लावून बघायला लागले. एक रिटायर गुरुजी आले, त्यांनी लाईनीतल्या सगळ्यांना झाडलं. म्हणाले, ‘मी हयातभर विज्ञान शिकवलंय. हे सगळं थोतांड आहे.’ मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना खुर्ची दिली. खुर्चीत बसून गुरुजी हळूच म्हणाले, ‘तरीपण आलोच आहे तर एकदा टेकवून बघतो.’

ट्रॅकपॅड काढून कपाटात ठेवावा, तर मनगट. माऊस हातात घेतला की तासाभरात कळ खांद्यापर्यंत जायची. म्हणून तो टेबलावरच राहिला, आणि त्यातून माझ्या घरात महाभारत झालं.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. सासरे कचेरीत शिपाई होते. ते गेल्यापासून त्यांची पेन्शन आत्यांना येते, आणि त्या पेन्शनवर आत्या ताठ मानेनं जगतात. स्वतःची चहापत्ती स्वतः आणतात. लेकी माहेरी आल्या की त्यांना साडी-चोळी स्वतः करतात. सुनेपुढं हात पसरायचा नाही, हा त्यांचा कायदा. पेन्शन थांबली असती तर घरात कुणी उपाशी मरणार नव्हतं. पण आत्यांना चहापत्तीसाठी माझ्या तोंडाकडं बघावं लागलं असतं, आणि माझं तोंड कसं आहे ते मी वर सांगितलंच आहे.

त्या वर्षी आत्यांचा अंगठा पटला नाही. आदल्या वर्षी ओढूनताणून पटला होता. यंदा खोबरेल लावलं, लिंबू चोळलं, कोमट पाण्यात हात बुडवून ठेवला. दुसरी बोटं लावून बघितली. पडद्यावर दर वेळी लाल फुलीच. मग आम्ही तालुक्याला बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी आत्यांकडं नीट बघितलं, नमस्कार केला, आणि मला म्हणाले, ‘आजी समोर बसल्यात हे मला दिसतंय. पण सिस्टीमला दिसायला पाहिजे. ऑनलाइन करून आणा.’

मी म्हटलं, ‘साहेब, गावात ऑनलाइन मीच आहे.’

‘मग तर सोपंच आहे,’ ते म्हणाले.

भावजींनी फोनवर सांगितलं की आता मोबाईलवर चेहरा दाखवूनपण होतं. आत्यांना अंगणात बसवलं, मोबाईल समोर धरला. पडद्यावर गोल आला आणि सूचना आली, डोळे मिचकावा. मी ती वाचून दाखवली. आत्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग मोबाईलकडं, आणि पदर कपाळावरून पार नाकापर्यंत ओढला. ‘विधवा बाई म्या,’ त्या म्हणाल्या. ‘ह्या वयात सरकारकडं बघून डोळं मिचकावू व्हय? लाज कशी वाटत न्हाय इचारायला?’ मी पुष्कळ समजावलं. पदर वर झाला, पण आत्या डोळे वटारून पुतळ्यासारख्या बसल्या. मोबाईल वाट बघून बघून बंद पडला.

आणि मग एका सकाळी देवळात कुणीतरी आत्यांना मोठ्या मशीनची बातमी दिली. आत्या तिथून तडक घरी आल्या. मी दुकानाला निघाले होते.

‘साऱ्या गावाला मोठ्या मशीनवर घेतीस आन् मला बारकीवर?’

‘आत्या, ती मशीन नाही हो. माझं मनगट दुखतं म्हणून भावजींनी पाठवलंय. ते माऊसच्या जागी आहे.’

‘व्हय. गावच्या म्हाताऱ्यास्नी ती मशीन, आन् घरच्या म्हातारीला तेवढा माऊस.’ त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. ‘माझी पेन्शन बंद पडावी, म्या तुज्यापुढं हात पसरावा, हेच तुज्या मनात हाय. म्या वळखलंय.’

हे मात्र मला लागलं. मी फटकळ आहे, भांडखोर आहे, सगळं आहे, पण असं माझ्या मनात स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. मी दुकान उघडलं नाही. भांडी घासत बसले आणि रडले, आणि रडणं ऐकू जाऊ नये म्हणून भांडी आपटली. शेजारणीला वाटलं मी भांडतेय.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी अंगणात विटा मांडून स्वतःची चूल पेटवली. स्वतःची भाकरी, स्वतःचं कालवण, माझ्याशी बोलणं बंद. आमचे हे आईची चूल बघून आधी हबकले, मग दोन्हीकडं जेवू लागले. बाजू कुणाचीच घेतली नाही. त्या नोव्हेंबरात त्यांना पँट घट्ट व्हायला लागली.

महिना संपत आला होता. त्या दिवशी मी सकाळपासून दुकानात आत्यांचीच फाईल उघडून बसले होते, कुठून काही वाट निघते का बघायला. पडद्यावर सासऱ्यांचं जुनं नोकरीचं ओळखपत्र होतं, स्कॅन केलेलं. त्यावर त्यांचा फोटो, नखाएवढा. आमच्या घरात त्यांचा तेवढा एकच फोटो आहे. मान वर केली तर लाईनीत शेवटी आत्या उभ्या. इस्त्रीचं पातळ, हातात पिशवी. लोक म्हणाले, आजी, तुमचंच दुकान आहे, पुढं या. आत्या म्हणाल्या, ‘न्हाय. नंबरानं यीन.’

मी मधल्या लोकांची कामं कशी केली मला आठवत नाही. आत्यांचा नंबर आला तशी मी परत त्यांची फाईल उघडली, पडद्यावर सासऱ्यांचा तोच फोटो आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पिशवी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि ट्रॅकपॅडवर अंगठा टेकवला. एकटा अंगठा नाही; भाकरीचा काठ दाबायची सवय, अंगठ्यामागून बोटही आलं. दोन्ही दाबून, पटावं म्हणून जोर लावून त्यांनी ती पसरली.

सासरे मोठे झाले. आत्यांनी हात उचलला, परत टेकवला, परत पसरला. आता पडद्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत सासरेच होते. टोपी जराशी तिरकी, एका भुवईवरची खोक, दाढीचे चुकून राहिलेले खुंट. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि एवढा मोठा चेहरा मीसुद्धा त्यांचा कधी बघितला नव्हता; जिवंत होते तेव्हा मी मान खाली घालून वाढायचे.

लाईनीत कुणीतरी म्हणालं, ‘घेतला बगा.’ दुसरं म्हणालं, ‘मालक सोता आले की.’

आत्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून नीट केला. मग कितीतरी दिवसांनी माझ्याशी पहिला शब्द बोलल्या. ‘ह्यांनी वळखलं,’ म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघून गेल्या. मी त्यांना थांबवून सांगायला हवं होतं की काही झालेलं नाही. लाईनीसमोर ते माझ्याच्यानं सांगवेना.

दुकान बंद करून मी सरळ घरी आले. आत्या चुलीपुढं बसलेल्या, फुंकणीनं जाळ करत होत्या. लाकडं ओली होती, धूर अंगणभर. मी मोबाईल घेऊन समोर बसले.

‘आत्या, दाखला अजून झाला नाही.’

‘झालाय. ह्यांनी वळखलंय. लाईनीतल्या समद्यांनी बघितलं.’

‘सरकारनं नाही बघितलं.’

‘सरकार काय ह्यांच्यापरीस मोठं हाय?’

‘आत्या, एकदा मोबाईलकडं बघा फक्त. मिचकावू नका. नुसतं बघा.’ मी गोल त्यांच्या चेहऱ्यावर धरला. मनगट ठणकत होतं, तरी मोबाईल हलू दिला नाही.

आत्यांचा संताप बाहेर पडला. फुंकणी खाली आपटून त्या थेट मोबाईलकडं बघून बोलू लागल्या, जणू सरकार तिथंच आत बसलंय. ‘एकदा सांगितलं न्हवं जित्ती हाय म्हनून? दरसाल तेच इचारायचं? म्या काय तुमच्या घरची चाकरी केली व्हय? हितं भाकरी थापतीय, धूर खातीय, हे काय मेलेली मानसं करत्यात? मेल्यावर कळवंन की. घाई काय हाय तुमास्नी?’ बोलण्याच्या भरात पदर मागं गेला. धुरानं डोळे चुरचुरत होते, त्या पापण्यांची उघडझाप करत होत्या, आणि बोलायचं काही थांबवत नव्हत्या.

गोल हिरवा झाला.

मी मोबाईल खाली ठेवला आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. आत्या अजून बोलतच होत्या. मला लांब ठेवायला त्यांनी जी चूल मांडली होती, तिच्याच धुरानं काम केलं होतं. थोड्या वेळानं मेसेज आला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, दाखला मंजूर झाला म्हणून.

‘मला काय सांगतीस,’ आत्या भाकरी परतत म्हणाल्या. ‘ते मगाच झालंय.’ मग तव्यावरची भाकरी काढून माझ्यापुढं ढकलली. मी ती तिथंच बसून खाल्ली. आमचे हे आले आणि दोघींना एका चुलीपुढं बघून त्यांचा चेहरा पडला.

पेन्शन वेळेवर आली. आत्यांनी चहापत्ती आणली, चुलीच्या विटा परत भिंतीला लावल्या. मी त्यांना दोन-तीनदा समजावून सांगितलं की दाखला मोबाईलवर झाला. त्या ऐकून घेतात, आणि देवळात जाऊन मोठ्या मशीनचंच नाव सांगतात. त्यामुळं माझ्या दुकानाची कीर्ती आता पार तामलवाडीपर्यंत गेली आहे.

डिसेंबरातल्या एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आत्या आल्या, खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, ‘ह्यांना दाव जरा.’ मी फाईल उघडली. त्यांनी ट्रॅकपॅड स्वतःकडं ओढून घेतला आणि अंगठा न् बोट टेकवून पसरलं, सरावाच्या हातानं. सासरे मोठे झाले. तेव्हापासून हे बऱ्याच दुपारी चालतं. तेवढा वेळ मी कडेला बसून माऊसनं काम करते. मनगट ठणकतं, पण ट्रॅकपॅड मागून घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

त्या पहिल्या दुपारी आत्यांनी फोटो परत परत मोठा करून बघितला. मग पदर पुढं ओढला आणि पडद्याकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुमी सुटलात बगा. तुमास्नी कुनी इचारत न्हाय. पुढल्या नोव्हेंबरातबी या. तुमी सांगितल्याबिगर म्या जित्ती हाय हे कुनी खरं मानत न्हाय.’